चौदाव्या वर्षाचं अंग



कवीला आकाशवाणीवर बोलावलं म्हणजे तो कवितेवरच बोलणार, असं तुम्ही धरून चालला असाल. आज तसं नाही. आज मी रग्बीवर बोलणार आहे. त्यातही रग्बी खेळणाऱ्या तेरा ते सतरा वयाच्या मुलामुलींच्या अंगातल्या ताकदीवर. माझी पात्रता विचाराल तर बी. ए., आणि तेही मराठी वाङ्मय घेऊन. पण माझ्या धाकट्या भावाची मुलगी नववीत आहे आणि दीड वर्षापासून शाळेच्या रग्बी संघात खेळते. ‘बडे अब्बा, चलो ना ग्राउंड पर’ असं तिनं म्हटलं की मला नाही म्हणता येत नाही. तिच्यापायी मी अमरावतीच्या मैदानांच्या कडेला बरेच तास बसलो, क्रीडाशिक्षकांना आणि डॉक्टर मित्रांना भंडावलं, मिळेल ते वाचलं. जे डोळ्यांना दिसलं त्यानं थोडा घाबरलो, आणि म्हणून हे भाषण.

आधी खेळाविषयी दोन शब्द. रग्बीचा चेंडू अंडाकृती. तो हातात घेऊन पळायचं, समोरच्या रेषेपलीकडे जमिनीला टेकवायचा. सोबत्याला हातानं द्यायचा तर मागेच द्यायचा, पुढे दिला की चूक. समोरचा तुम्हाला धरून पाडणार; या पाडण्याला टॅकल म्हणतात. आपल्याकडे शाळांमधून खेळतात तो बहुतेक सात-सात जणांचा प्रकार. सात मिनिटांचा एक डाव, असे दोन. चौदा मिनिटं म्हणजे काय, असं वाटतं. पण मैदान पंधरा जणांच्या खेळाइतकंच मोठं, शंभर मीटर लांब, आणि धावायला माणसं निम्मी. दुसऱ्या डावात पोरांच्या छातीचे भाते ऐकू येतात. हाच सातांचा खेळ २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये आला. त्याआधी पंधरांची रग्बी ऑलिंपिकमध्ये शेवटची झाली होती १९२४ साली.

हिंदुस्थानाशी या खेळाचं नातं जुनं आहे आणि गमतीचं आहे. कलकत्त्यातला साहेबांचा रग्बी क्लब मोडला तेव्हा, १८७८ साली, बँकेत उरलेले चांदीचे रुपये वितळवून त्यांनी एक चषक घडवला आणि विलायतेला पाठवला. इंग्लंड आणि स्कॉटलंड अजून त्या चषकासाठी खेळतात. आपल्या रुपयांची चांदी आहे ती! पुढे शंभर-सव्वाशे वर्षं हा खेळ इथे जिमखान्यांच्या कुंपणाआडच राहिला. कुंपण तुटलं ते अलीकडे. २००७ साली भुवनेश्वरच्या एका निवासी संस्थेतली आदिवासी मुलं लंडनला गेली आणि चौदा वर्षांखालची स्पर्धा जिंकून आली. २०१८ साली भारताच्या मुली पहिल्यांदा पंधरांचा आंतरराष्ट्रीय सामना खेळल्या. कर्णधार होती आपल्या पुण्याची वाहबिझ भरुचा, आणि ती व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. पुढच्याच वर्षी मनिलामध्ये सिंगापूरला २१–१९ असं हरवून त्यांनी पहिला विजय मिळवला. जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग झाली, टीव्हीवर दिसली, आणि मग आमच्या गल्लीतल्या पोरांनाही टॅकल हा शब्द आला.

शब्द आला, तसं त्यांनी अंग कमवायचं मनावर घेतलं. इथून माझी काळजी सुरू होते.

चौदा वर्षांचा मुलगा जिममध्ये जातो. आरशासमोर उभा राहतो. पहिल्या आठवड्यात रॉड उचलतो, दुसऱ्या आठवड्यात त्याला मोबाइलवर पाहिलेल्या माणसाइतकं वजन लावायचं असतं. तिथला दादा सांगतो, ‘डबा घे, दोन महिन्यांत छाती येते.’ डबा म्हणजे प्रोटीनची पावडर. त्यात काय काय मिसळलेलं आहे हे डबा विकणाऱ्यालाही माहीत नसतं. क्वचित कुठे सुईपर्यंतही गोष्ट जाते. त्या सुईतलं स्टेरॉइड वाढत्या मुलाच्या हाडांची वाढ वेळेआधी बंद करू शकतं, म्हणजे बाहू फुगतात आणि उंची जिथल्या तिथे राहते. दुसऱ्या टोकाला आयांची आणि आज्यांची भीती असते, की वजन उचललं तर पोरगं बुटकं राहील, पोरगी तर पुरुषी दिसेल. ही टोकं सोडून मधली वाट काय आहे, एवढंच मला सांगायचं आहे.

बुटकं राहण्याची भीती आधी निकालात काढू. आपल्या लांब हाडांच्या टोकांशी वाढत्या वयात कूर्चेचा एक पट्टा असतो. हाड तिथे लांब होतं. तो पट्टा हाडापेक्षा नाजूक, म्हणून पूर्वी डॉक्टरही सांगत की मुलांना वजन नको. आता तसं सांगत नाहीत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना असो की २०१४ साली अनेक देशांच्या तज्ज्ञांनी मिळून काढलेलं निवेदन असो, म्हणणं एकच आहे: शिकवणारा जाणता असेल, बघायला समोर उभा असेल, आणि वजन पायरीपायरीनं वाढत असेल तर ताकदीचे व्यायाम मुलांना चालतात, नुसते चालत नाहीत, मैदानावरच्या इजा त्यांनी कमी होतात. दुखापती होतात त्या चुकीच्या ढबीनं उचलल्यामुळे, पैज लावल्यामुळे, आणि कुणी बघत नसताना. म्हणजे दोष लोखंडाचा नाही, घाईचा आहे.

मुलांच्या ताकदीत एक मौज आहे. वयात येण्याआधी मूल व्यायाम करतं तेव्हा त्याचे स्नायू फारसे जाड होत नाहीत, तरी ताकद वाढते. का? कारण मेंदू आणि मज्जा शिकतात. कोणत्या स्नायूला कधी हाक मारायची हे अंगाला कळायला लागतं. वृत्त शिकण्यासारखंच आहे हे. नवशिक्याकडे शब्द तेवढेच असतात, पण यती कुठे घ्यायची ते कळलं की ओळ उभी राहते. आता हे घरी आईला सांगावं लागतं, कारण दोन महिन्यांनी ती म्हणते, ‘अंग तर काही भरलं नाही लेकराचं.’ भरणार नाहीच. त्याला बारा मीटर आणखी जोरात पळता येतं का, आणि उडी मारून खाली आल्यावर दोन्ही पायांवर स्थिर उभं राहता येतं का, ते बघायचं.

आणि चौदावं वर्ष म्हणजे सगळ्यांचं चौदावं वर्ष नसतं. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या सुमारास झपाट्यानं वाढते, मुलांची चौदाच्या सुमारास, आणि दोन्हीकडे वर्ष-दोन वर्ष अलीकडे-पलीकडे. त्यामुळे ‘चौदा वर्षांखालील’ म्हणून एका रांगेत उभ्या केलेल्या मुलांत एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो. कागदावर दोघं सारखी. मैदानात एकाचं वजन दुसऱ्याच्या दीडपट. न्यूझीलंडमध्ये, जिथे रग्बी म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखी, तिथे मुलांचे काही गट वजनावरून पाडतात. आपल्याकडे कुस्तीत वजनगट आहेत, मुष्टियुद्धात आहेत. अकोल्याची पोरं मुष्टियुद्धात नाव काढतात, त्यांना वजनकाट्याचं महत्त्व सांगायला नको. रग्बीचे सामने आपण वयावरच घेणार असू तर घेऊ. निदान सरावात तरी टॅकलच्या जोड्या अंगलट बघून लावायला कुणाची परवानगी लागत नाही.

याच काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर उंची वाढते. पाय लांब झालेले असतात आणि मेंदूकडे अजून जुन्या पायांचा नकाशा असतो. कालपर्यंत चपळ असलेला पोरगा अडखळायला लागतो, चेंडू सुटतो, मास्तर ओरडतात. ओरडण्यासारखं त्यात काही नाही. शाळेच्या भिंतीवर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला पेन्सिलनं उंचीची खूण करावी. ज्याची खूण भराभर वर सरकते आहे त्याच्या उड्या आणि वजन थोडे कमी करावेत, समतोलाचे व्यायाम वाढवावेत. खर्च एका पेन्सिलीचा. गुडघ्याच्या खाली, नडगीच्या हाडावर टेंगूळ येऊन दुखतं, तेही याच वयात. ते बहुधा वाढीचंच दुखणं असतं आणि काही महिन्यांनी जातं. पण तोवर त्या पोराला दोनशे बैठका सांगणं म्हणजे छळ आहे.

बैठका म्हटलं की आमच्या अमरावतीत आखाड्याचं नाव निघतंच. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलं. १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे जाऊन कबड्डीसकट आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. हुतात्मा राजगुरूही याच आखाड्यात तयार झाले असं सांगतात. आमचं गाव शरीरशिक्षणाचं गाव आहे. इथे शिकलेले क्रीडाशिक्षक महाराष्ट्रभर आणि बाहेरही शाळाशाळांत शिट्टी घेऊन उभे आहेत. तेव्हा रग्बी परदेशी असली तरी तिला लागणारी अर्धी विद्या आपल्या घरात आहे. अर्धीच म्हणतो, सगळी नाही.

आमच्या भागात एक वस्ताद आहेत, सत्तरी ओलांडलेले. त्यांना मी मोबाइलवर रग्बीचा सामना दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, ‘शायरसाब, पोट्ट्याले आधी पडू द्या. पडता आलं त मंग पाडता येते.’ मी म्हटलं, वस्ताद, पंधरा दिवसांवर सामने आहेत. तर म्हणाले, ‘काहून घाई करता? हाड तयार व्हाले टाइम लागते.’

वस्तादांच्या या बोलण्यात किती शास्त्र आहे ते मला नंतर कळलं. कुस्तीत नवीन पोराला पहिले काही महिने डाव शिकवत नाहीत. तो हौद खणतो, माती भुसभुशीत करतो, जोर मारतो, आणि पडतो. हनुवटी छातीशी, पाठ गोल, हात जमिनीवर टेकून मनगट मोडून घ्यायचं नाही. आपल्या शाळांत रग्बीचं उलटं होतं. चेंडू आला, संघ झाला, दहावीच्या वाढीव गुणांचा हिशेब झाला, आणि तिसऱ्या दिवशी टॅकल. तेही कुठे, तर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर. ही माती पावसाळ्यात पायाला लोळा धरते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. तिच्यावर पडणं शिकायचं?

पण आखाड्यात सगळं शहाणपणच होतं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. सराव चालू असताना पाणी प्यायचं नाही, हा जुना दंडक आमच्या उन्हात जीवघेणा आहे. मे २०२४ मध्ये अकोल्यात उष्णतेमुळे १४४ कलम लावावं लागलं, हे आठवून बघा. बैठकांची शेकड्यात मोजणी, टाचा उचलून, हीही कोवळ्या गुडघ्यांना नको. आणि कुस्तीत पोरगा वजन घटवायला उपाशी राहतो, घाम गाळतो; वाढत्या वयात तेही वाईटच. पूर्वजांनी केलं म्हणून सगळं गळ्यात बांधून घ्यायचं कारण नाही. त्यांनीही आपल्या काळात नवीन पाहिलं, घेतलं. घरात बसून कुणी बर्लिनला पोचत नाही.

मग व्यायाम नेमका कोणता? जाणकारांकडून जे कळलं त्याचा सार सांगतो. पहिले दोन-तीन महिने लोखंड नकोच. स्वतःच्या अंगाचं वजन पुरतं. टाच जमिनीला टेकवून, पाठ सरळ ठेवून बैठक, जोर, आडव्या दांडीला लटकून अंग वर ओढणं, कोपर आणि चवडे टेकून अंग फळीसारखं ताठ धरणं, एका पायावर उभं राहून चेंडू झेलणं, कमरेतून वाकून जमिनीवरची वस्तू पाठ न वाकवता उचलणं. हे शेवटचं आपल्याकडे हमालांना बिनशिकवता येतं. वाळूची पिशवी छातीशी कवटाळून वीस पावलं चालणं तर रग्बीच्या फार जवळचं आहे, आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरायला कुठल्या जिमची पावती फाडावी लागत नाही. मग लाकडी काठी खांद्यावर घेऊन तीच बैठक. काठीनं ढब बिघडत नाही असं मास्तरांना दिसलं की थोडं वजन. आठ ते बारा वेळा उचलता येईल इतकंच, आणि अजून दोनदा उचलता आलं असतं असं वाटत असतानाच थांबायचं. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. वाढवायचं तर शेकडा पाच-दहानं. एकदाच जास्तीत जास्त किती उचलतोस, ही पैज या वयात बंद.

यात एक गोष्ट कुणी करत नाही, ती म्हणजे मान. छाती आणि दंड आरशात दिसतात, मान कोण बघतं? पण रग्बीत डोक्याला धक्का बसतो तेव्हा डोकं किती हिसडतं हे मानेवर अवलंबून असतं. व्यायाम साधा आहे. सोबत्यानं कपाळावर तळवा ठेवायचा आणि हळू दाबायचं, आपण मान न हलवता दाब सोसायचा. मग मागून, मग दोन्ही बाजूंनी, प्रत्येक वेळी पाच-दहा सेकंद. पैलवान डोक्यावर पूल करतात तो शाळकरी मुलांना सांगू नये.

इंग्लंडमध्ये चौदा ते अठरा वर्षांच्या शाळकरी रग्बीपटूंवर बाथ विद्यापीठानं चाळीस शाळांत एक प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. वीसेक मिनिटांचा सराव: समतोल, स्वतःच्या वजनाचे व्यायाम, उड्या आणि नीट उतरणं, दिशा बदलणं, आणि मान. ज्या संघांनी तो आठवड्यातून तीनदा नेमानं केला त्यांच्यात सामन्यांतल्या इजा ७२ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि डोक्याला मार बसून मेंदूला धक्का बसण्याचे प्रकार ५९ टक्क्यांनी. जागतिक रग्बी संघटनेनं तो कार्यक्रम ‘ॲक्टिव्हेट’ या नावानं सगळ्यांना फुकट दिला आहे. वीस मिनिटं. आपल्याकडे सराव सुरू होण्याआधी प्रमुख पाहुण्यांची वाट बघण्यात याहून जास्त वेळ जातो.

आता डोक्याचा विषय निघालाच आहे तर जे मला खरोखर बोलायचं होतं ते बोलतो. एका सामन्यात मी बघत होतो. गाव, शाळा सांगत नाही. एका पोराचं डोकं दुसऱ्याच्या गुडघ्यावर आदळलं. तो पडला, उठला. कुणीतरी तोंडावर पाण्याचा हबका मारला, पाठीवर थाप मारली, ‘वाघ आहेस तू’ म्हणाले. बाजूचे पालक ओरडत होते, ‘अरे, काही नाही झालं, खेळ!’ तो खेळला. पाच मिनिटांत त्यानं माझ्या पुतणीच्या मास्तरांना तीन वेळा विचारलं, पहिला डाव चालू आहे की दुसरा. सुदैवानं त्याला पुढे काही झालं नाही. पण २०११ साली उत्तर आयर्लंडमधला एक चौदा वर्षांचा शाळकरी मुलगा असाच धक्का बसल्यावर पुन्हा खेळत राहिला, त्याला पुन्हा मार बसला, आणि दोन दिवसांनी तो गेला. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरलेला नसताना दुसरा बसला की मेंदू सुजतो. हे क्वचित होतं, पण होतं ते बहुतेक कोवळ्या वयातच.

तेव्हा नियम एकच आणि त्यात घासाघीस नाही. डोक्याला मार बसून पोरगं गोंधळलं, झोकांड्या खायला लागलं, डोकं दुखतं म्हणालं, ओकारी आली, डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा नुसती शंका आली, तरी त्या दिवशी ते पुन्हा मैदानात जाणार नाही. डॉक्टरला दाखवायचं. ब्रिटनमध्ये २०२३ च्या सरकारी सूचनेप्रमाणे हौशी खेळाडूला असा धक्का बसला तर निदान एकवीस दिवस सामना नाही, आणि तेही त्रास पूर्ण थांबला तरच. शुद्ध हरपली तरच धक्का, असं आपले लोक समजतात. तसं नाही, बहुतेकांची शुद्ध जात नाही. आणि बाहेर काढायचा निर्णय पोरावर सोडायचा नाही, कारण कुठलंही चौदा वर्षांचं पोर ‘मी ठीक आहे’ असंच सांगणार.

टॅकलमध्ये डोक्याला मार बहुतेक वेळा पाडणाऱ्यालाच बसतो, पडणाऱ्याला नाही. डोकं समोरच्याच्या अंगाच्या बाजूला ठेवायचं, पुढ्यात कधीच नाही. नजर वर, पाठ सरळ, शेवटची पावलं बारीक, खांदा लावायचा आणि हातांनी घट्ट कवळ घालायची. खांद्याच्या वर धरायचं नाही हा नियमच आहे. इंग्लंडनं २०२३ पासून शालेय आणि हौशी रग्बीत ही मर्यादा छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत आणली. इथे वऱ्हाडातल्या मुलांची एक वेगळी अडचण आहे. ती येतात कबड्डीतून. कबड्डीत घोट्याला झेप घालून पकडायची सवय, मान खाली. कबड्डीत चढाई करणारा जवळपास उभा असतो. रग्बीत तो पन्नास किलोचा देह पूर्ण वेगानं येत असतो आणि त्याचा गुडघा नेमका तुमच्या डोक्याच्या उंचीवर असतो. ही सवय मोडायला वेळ द्यावा लागतो. आधी गुडघ्यांवर बसून, मग चालत, मग धावत. कुस्तीतून आलेल्या पोराला मात्र कंबर खाली ठेवायला आणि कवळ घालायला सांगावं लागत नाही.

मुलींविषयी वेगळं बोललं पाहिजे. तेरा-चौदाव्या वर्षी आपल्या मुली मैदानातून घरी येतात आणि परत जात नाहीत. कारणं तुम्हाला माहीत आहेत, ओढणीपासून स्वच्छतागृहापर्यंत. जी टिकते तिच्या गुडघ्याकडे लक्ष द्यायला हवं. उडी मारून उतरताना, वळताना मुलींचे गुडघे आत झुकतात आणि आतला बंध तुटण्याचा धोका त्यांना मुलांपेक्षा कितीतरी जास्त असतो. आरशासमोर उडी मारून उतरायला शिकवावं. गुडघा पावलाच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशाचा हा उपयोग मला सगळ्यात आवडला. दुसरं म्हणजे रक्त. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींत ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळलं. मास्तर म्हणतात, पोरगी आळशी आहे, दुसऱ्या डावात पळत नाही. पळेल कशी? रक्ताची तपासणी सरकारी दवाखान्यात होते, ती खेळाच्या हंगामाआधी करून घ्यावी.

खाण्याचं म्हणाल तर डब्याची गरज नाही. खेळणाऱ्या मुलाला किलोमागे साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं दिवसाला पुरतात. पन्नास किलोच्या पोराला साठ-पंचाहत्तर ग्रॅम. दोन अंड्यांत बारा ग्रॅम, मूठभर शेंगदाण्यांत सात-आठ, दोन वाट्या घट्ट वरण, भिजवलेले हरभरे, पेलाभर दूध, ज्वारीच्या दोन-तीन भाकरी, जवसाची चटणी. हिशेब घरातच बसतो. मांस-मासे खाणाऱ्यांचा तर सहज बसतो. जेवणासोबत संत्रं खावं. वरूड-मोर्शीच्या माणसाला संत्र्याचं महत्त्व मी काय सांगणार, पण त्यातलं क जीवनसत्त्व भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत करतं, आणि जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमका उलटं करतो. खर्चाची ओरड मला पटत नाही. एका डब्याच्या किमतीत महिनाभर घरात शेंगदाणे आणि अंडी येतात.

झोप मात्र विकत मिळत नाही. या वयाला आठ ते दहा तास लागते. अकोल्यात शिकवणीसाठी राहणारी मुलं पहाटे उठतात, रात्री बारापर्यंत वाचतात, आणि मधल्या वेळात खेळतात. त्यांचं अंग भरून यायला वेळच उरत नाही. ताकद सरावात वाढत नसते. सरावात अंग मोडतं आणि झोपेत बांधलं जातं. दोन्ही जमत नसेल तर त्या दिवशी सराव सोडावा, झोप नाही.

रमजानात आमच्या घरातच हा प्रश्न आला. पुतणी रोजे ठेवते, सराव सोडत नाही. मास्तरांनी तिला मना केलं नाही, विचारलं. ते मला आवडलं. ठरलं असं: इफ्तारच्या आधी फक्त चेंडूची हातफेक, पळापळ नाही, ताकदीचा व्यायाम इफ्तारनंतर दीड-दोन तासांनी, सहेरीत अंडी, दही, भरपूर पाणी, आणि तहानलेल्या अंगानं टॅकल अजिबात नाही. नवरात्रात उपास करणाऱ्या मुलींनाही हेच वेळापत्रक थोड्या फरकानं लागू केलं.

मेळघाटातली कोरकू मुलं आश्रमशाळांच्या स्पर्धांत पळताना मी पाहिली आहेत. हलकी, चिवट, चढ लागला की वेग वाढवणारी. भुवनेश्वरच्या मुलांनी लंडनला जे केलं ते यांनाही जमेल, असं प्रत्येक वेळी वाटतं. मग त्यांच्या ताटाकडे बघितलं की गप्प व्हायला होतं. कुपोषणाच्या बातम्या ज्या भागातून येतात तिथे ताकदीच्या व्यायामाची पहिली पायरी ताटातच आहे, आणि ती क्रीडाशिक्षकाच्या हातात नाही. आकारमानाची चिंता मात्र त्यांनी करू नये. १९५२ साली हेलसिंकीला देशासाठी कांस्यपदक आणणारे आपले खाशाबा जाधव ५७ किलोच्या गटातले होते.

पडायला शिकवायची जागा हा प्रश्न आमच्यापुरता सुटला. पैलवान सकाळी लवकर येतात, आठ वाजता हौद रिकामा होतो, तो संध्याकाळपर्यंत रिकामाच. लाल माती, चाळलेली, तेल-ताकानं मऊ केलेली. मास्तर जाऊन वस्तादांना भेटले. मुली येतील हे सांगताना ते जरा चाचरले, पण वस्तादांनी त्यावर काही म्हटलं नाही. त्यांची अट वेगळीच होती: ‘मातीत पडाचं असन त आधी माती खनाच लागन.’ तेव्हापासून दर शनिवारी सकाळी आधी अर्धा तास फावडी चालतात, मग पडणं. पुतणी म्हणते, टॅकलपेक्षा तेच जड जातं.